प्रत्येक गाडीला एजंट हवाच का?

सांगलीतील एका औषध वितरकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे चार टेम्पो आणि पाच दुचाकी असून सांगली, मिरज, कुपवाड या शहरी पट्ट्यासह तासगाव, पलूस आणि कवठेमहांकाळ या तालुक्यांतील औषध दुकानांना रोज दोन फेऱ्यांत माल जातो. कोणती गाडी कुठे जाणार हे गोदामातील एक जुने व्यवस्थापक आजवर तोंडी ठरवत आले आणि ते पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत. दरम्यान एका सॉफ्टवेअर विक्रेत्याने ‘प्रत्येक गाडीला एक एआय एजंट, हे एजंट आपापसात बोलून मार्ग ठरवतील’ असा प्रस्ताव दिला आहे. एजंट म्हणजे इथे एका गाडीच्या वतीने हिशेब करून निर्णय घेणारा संगणकीय प्रोग्राम. तो स्वीकारावा का, आणि अशा अनेक एजंटांच्या, म्हणजे मल्टी-एजंट, पद्धतीने खरोखर पैसे वाचतात का, असे त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर आधी सांगतो. सकाळच्या ठरलेल्या फेरीसाठी ही पद्धत घेऊ नये. दुपारच्या तातडीच्या मागण्यांसाठी घ्यावी, पण अगदी साध्या रूपात. आणि पुढेमागे भाड्याच्या गाड्या लावणार असाल तर तिचा विचार वेगळ्या अंगाने करावा लागेल. या तिन्हींत फरक का करतो, ते आता सविस्तर पाहू.

हा प्रश्न गणितात जुना आहे. जॉर्ज डँट्झिग आणि जॉन रॅम्सर यांनी 1959 मध्ये पेट्रोलचे टँकर डेपोतून पंपांपर्यंत कसे पाठवावेत या प्रश्नाच्या निमित्ताने तो मांडला आणि तेव्हापासून गाड्यांच्या मार्गआखणीची अवघड बाजू सर्वांना ठाऊक आहे. एकाच गाडीला 15 दुकाने असतील तरी ती कोणत्या क्रमाने घ्यावीत याच्या शक्यता सुमारे 1.3 लाख कोटी होतात. संगणकही त्या सगळ्या तपासत बसत नाही. तो चांगल्या युक्त्या वापरतो. क्लार्क आणि राइट यांची 1964 मधील बचतीची रीत ही त्यांतली सर्वांत समजण्याजोगी. समजा एक दुकान गोदामापासून 18 किलोमीटरवर, दुसरे 20 किलोमीटरवर आणि दोघांमधले अंतर 4 किलोमीटर आहे. दोन गाड्या वेगवेगळ्या पाठवल्या तर 76 किलोमीटर पडतात, एकाच गाडीने दोन्ही घेतली तर 42. म्हणजे जोडी लावल्याने 34 किलोमीटर वाचले. अशी बचत प्रत्येक जोडीसाठी काढायची, मोठ्या बचतीच्या जोड्या आधी लावत जायच्या आणि गाडीची क्षमता भरली की थांबायचे. नंतर मार्ग आणखी सुधारण्यासाठी दोन रस्ते एकमेकांना छेदत असतील तर त्यांमधल्या दुकानांचा क्रम उलटवून पाहायचा. गूगलची ओआर-टूल्स ही मार्गआखणीची संगणकीय प्रणाली विनामूल्य मिळते आणि नऊ वाहने व साठ-सत्तर दुकाने एवढ्या आकाराला ती साध्या संगणकावर काही मिनिटांत इतके चांगले उत्तर देते की त्यापुढची सुधारणा डिझेलच्या पावतीवर दिसणारही नाही.

सकाळच्या फेरीत आपल्याकडे काय असते ते पाहा. रात्रीपर्यंत सर्व मागण्या आलेल्या असतात, बिले झालेली असतात, गाड्या आपल्याच मालकीच्या असतात आणि त्या सगळ्या एकाच गोदामात उभ्या असतात. माहिती एका जागी आहे आणि निर्णयाचा अधिकारही एका जागी आहे. अशा वेळी नऊ एजंट निर्माण करून त्यांना आपापसात घासाघीस करायला लावणे म्हणजे एकाच घरातल्या भावांनी वकील लावून जेवणाचे ताट वाटून घेण्यासारखे आहे. वाटणी होईल, पण आईने वाढले असते त्याहून बरी होणार नाही. एजंटांच्या बोलीतून येणारे उत्तर बहुधा मध्यवर्ती गणनेइतके किंवा तिच्याहून थोडे उणेच असते, कारण प्रत्येक मागणी आली तशी वाटत गेल्याने आधीच्या वाटपाची अडचण पुढच्याला सोसावी लागते. म्हणून एजंट घ्यावा की नाही याचा निकष मी गाड्यांच्या संख्येवर ठेवत नाही. माहिती विखुरलेली आहे का आणि मर्जी विखुरलेली आहे का, म्हणजे प्रत्येकाचे हित वेगळे आहे का, हे दोनच प्रश्न मी विचारतो.

दुपारी पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे होते. गाड्या रस्त्यावर पांगलेल्या असतात, कुणाचा माल किती उरला आहे, कोण कोणत्या दुकानासमोर काउंटर मोकळा होण्याची वाट पाहत उभा आहे, हे गोदामाला ठाऊक नसते आणि त्यातच फोन येतो. इथे 1980 मध्ये रीड स्मिथ यांनी मांडलेली कराराच्या जाळ्याची पद्धत आजही पुरेशी आहे. काम आले की त्याचा पुकारा करायचा, ज्याला जमते त्याने आपला खर्च सांगून बोली लावायची, सर्वांत स्वस्त बोलीला काम द्यायचे आणि काम झाल्याची खबर घ्यायची. मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्यात जो सर्वांत जास्त बोलतो त्याला माल मिळतो. इथे जो सर्वांत कमी बोलतो त्याला काम मिळते, एवढाच फरक. सगळे यश मात्र बोलीचा आकडा कसा काढला जातो यावर असते. गाडीचा एकूण खर्च नव्हे, तर हे एक काम वाढल्याने जादा पडणारा खर्च बोलीत यायला हवा. तुओमास सँडहोम यांनी 1993 मध्ये वाहतुकीच्या प्रश्नात बोलीला या वाढीव खर्चाचा पाया दिला आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत उपयोगी विचार तोच आहे.

एक उदाहरण जवळून पाहू. त्यातले आकडे हिशेबाला सोपे असे घेतले आहेत. दुपारी पावणेतीनला कवठे एकंदच्या दुकानातून फोन आला की इन्सुलिनच्या दहा बाटल्या पाच वाजेपर्यंत हव्यात. नकाशावर पाहिले तर पहिला टेम्पो तासगावहून परत निघालेला आहे आणि वीस मिनिटांत तो त्याच गावाजवळून जाणार आहे. पडद्यावर ठिपके पाहणारा कोणताही माणूस ‘त्याला सांगा’ असे म्हणेल. पण बाटल्या त्या टेम्पोत नाहीत, गोदामाच्या फ्रिजमध्ये आहेत. म्हणून त्या गाडीच्या एजंटाची बोली ‘जमणार नाही’ अशीच यायला हवी. दुसरा पर्याय मिरजेत असलेल्या दुचाकीचा. तिची दोन दुकाने उरली आहेत. ती संपवून गोदामात येणे, माल घेऊन कवठे एकंदला जाणे आणि परत येणे यात जादा 40 किलोमीटर आणि 75 मिनिटे जातात. किलोमीटरला तीन रुपये आणि मिनिटाला दोन रुपये धरले तर बोली 270 रुपयांची होते. तिसरा पर्याय गोदामात भरला जात असलेल्या तासगावच्या दुसऱ्या फेरीच्या टेम्पोचा. त्याला हमरस्ता सोडून गावात शिरण्याचे 2 किलोमीटर आणि 12 मिनिटे जादा पडतील. किलोमीटरला नऊ रुपयांनी 18, वेळेचे 24, आणि त्याच्या शेवटच्या दोन दुकानांना होणाऱ्या उशिराची किंमत म्हणून 40, असे मिळून 82 रुपये. काम त्याला जाईल. मात्र इन्सुलिनला 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमान लागते. त्या टेम्पोत शीतपेटी नसेल तर 82 रुपयांची बोली निरर्थक आहे. म्हणजे बोली लावण्याआधी एजंटाने स्वतःला विचारायचे प्रश्न दोन आहेत: माल मला मिळू शकतो का, आणि मी तो नीट नेऊ शकतो का. विक्रेत्याने दाखवलेल्या प्रात्यक्षिकात हे प्रश्न होते का, ते त्याला जरूर विचारा. जेवण पोहोचवणाऱ्या सेवांच्या धर्तीवर लिहिलेल्या प्रणालीत ते हमखास राहून जातात, कारण तिथे प्रत्येक खेप रिकाम्या पिशवीने सुरू होते.

याच कारणाने, रस्त्यावरच्या गाड्यांनी एकमेकांत काम बदलून घ्यायचे ही कल्पना औषधांच्या वितरणात जवळजवळ निरुपयोगी आहे. प्रत्येक दुकानाचे बिल ठरलेले, पेटी ठरलेली आणि ती पेटी टेम्पोत शेवटी उतरायची म्हणून आधी भरलेली असते. गोदामाच्या फाटकातून गाडी बाहेर पडली की त्या मालाचे वाटप संपले. बदल करता येतो तो उचलण्याच्या कामांत: मुदत संपलेला माल परत घेणे, चुकीची पेटी परत आणणे, चेक घेणे. या कामांना रिकामी जागा आणि थोडा वेळ एवढेच लागते, म्हणून ती कोणत्याही गाडीला देता येतात. आपल्याकडे अशी कामे आठवडाभर साचतात असे आपणच लिहिले आहे. पुकारा-बोलीची पद्धत मी सर्वप्रथम तिथेच लावीन.

अदलाबदल चालू ठेवायचीच असेल तर तिला खीळ हवी. दोन गाड्यांच्या खर्चात दोन-चार रुपयांचा फरक असेल तर जीपीएसचा ठिपका थोडा सरकला तरी स्वस्त कोण हे बदलते आणि एकच काम पाच मिनिटांत तीनदा इकडून तिकडे जाते. ड्रायव्हर दोनदा सहन करतो. तिसऱ्यांदा फोन खिशात ठेवून देतो. म्हणून ठरावीक रकमेहून जास्त बचत होत असेल तरच बदल करायचा आणि कामाच्या अर्धा तास आधी वाटप गोठवायचे, हे दोन नियम पहिल्या दिवसापासून घालावेत. दुसरी अडचण अशी की एकेक काम वेगळे पुकारले की शेजारच्या दोन गावांची दोन कामे दोन गाड्यांकडे जातात आणि मग कुणालाच ती सोडणे परवडत नाही. त्यासाठी कामांचा गठ्ठा करून बोली मागणे किंवा दोन गाड्यांनी एकाच वेळी एकेक काम बदलणे अशा सोयी लागतात. नऊ गाड्यांना मात्र सोपा तोडगा आहे: दर तासाला उरलेली सर्व कामे घेऊन मध्यवर्ती गणना पुन्हा एकदा चालवावी.

आता मर्जीचा प्रश्न. आपल्या गाड्या आपल्या पगारी ड्रायव्हरच्या हातात आहेत, त्यामुळे एजंटाला खोटे बोलण्याचे कारण नाही. भाड्याचे टेम्पो लावले की ते कारण तयार होते, कारण खरा खर्च फक्त गाडीमालकाला ठाऊक असतो. विल्यम विकरे यांनी 1961 मध्ये दाखवलेला उपाय असा की काम सर्वांत कमी बोलणाऱ्याला द्यावे, पण मोबदला दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतका द्यावा; मग वाढवून बोलण्यात फायदा उरत नाही. कागदावर हे चोख आहे. परंतु एका मार्गावर तीनच टेम्पोवाले असतील आणि ते तिघे रोज सकाळी नाक्यावरच्या एकाच टपरीवर चहा घेत असतील, तर दुसरी बोली काय असावी हेही तिथेच ठरते. अशा ठिकाणी किलोमीटरमागे ठरलेला दर आणि वेळेवर पोहोचल्याचा वेगळा मोबदला हा जुना मार्ग लिलावापेक्षा बरा ठरतो, असे माझे मत आहे.

माहितीही विखुरलेली आणि मर्जीही विखुरलेली, असे आपल्या भागातले खरे उदाहरण म्हणजे ऊसतोडीचा हंगाम. मी या विषयात जे शिकलो त्यातले निम्मे तिथे शिकलो, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. तोडलेला ऊस जितका थांबेल तितके त्याचे वजन घटते आणि त्यातली साखर उतरते. तोडणीनंतर दिवसभरात तो गाळपाला गेलेला बरा. शेतकऱ्याला आपला फड वेळेवर रिकामा व्हायला हवा असतो, टोळीच्या मुकादमाला जवळचा आणि उभा ऊस हवा असतो, ट्रॅक्टरवाल्याला दिवसात जास्त खेपा हव्या असतात, आणि कारखान्याला गव्हाण, म्हणजे ऊस गाळपाच्या यंत्राकडे नेणारा पट्टा, रिकामी पडू नये पण यार्डही तुंबू नये असे वाटते. यातला एकही जण आपली सगळी माहिती दुसऱ्याला देणार नाही. त्यामुळे कारखान्याच्या शेतकी खात्याने एका खोलीत बसून पूर्ण वेळापत्रक आखणे हे कागदावरच राहते आणि इथे टोळी, वाहन आणि यार्ड यांचे वेगवेगळे एजंट ही मांडणी नैसर्गिक ठरते.

एका कारखान्यासाठी आम्ही ती केली आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या आखणीतली चूक उघडी पडली. यार्डाचा एजंट दर अर्ध्या तासाला अपेक्षित थांबा किती तासांचा आहे तो आकडा सर्व वाहनांना कळवत असे. आकडा वाढला की वाहनाच्या एजंटाने आपला खर्च वाढलेला पाहून भरणे उशिरा सुरू करावे, अशी अपेक्षा होती. झाले असे की रात्री अकराला आकडा सहा तासांवर गेला, तो सर्वांना एकदमच दिसला, आणि सर्वांनी एकदमच थांबायचे ठरवले. पहाटे चारच्या सुमारास वजनकाट्यावर एकही गाडी नव्हती आणि गव्हाणीवरचे कामगार हात बांधून उभे होते. मग आकडा शून्यावर आला, तोही सर्वांना एकदमच दिसला, आणि सकाळी नऊला यार्डाबाहेर रस्त्यापर्यंत रांग लागली. प्रत्येक एजंट आपापल्या परीने शहाणाच वागला होता. दोष माझा होता. एकच किंमत सर्वांना एका क्षणी सांगितली की वेगवेगळे एजंट एकाच एजंटासारखे वागतात, हे मी लक्षात घेतले नव्हते. दुरुस्ती साधी होती. आकडा जाहीर करणे बंद केले आणि त्याऐवजी तासाला गाळप होईल तितकेच नंबर यार्डाने वाटायचे, ज्याचा ऊस आधी तोडला गेला आहे त्याला आधी, अशी रीत घातली. उसाला ताटकळत ठेवण्याची किंमत अशा रीतीने वाहनाच्या बोलीतून निघून नंबराच्या क्रमात आली. तरीही एक गोष्ट आमच्या हाती नव्हती. टोळ्या उजेडातच तोडतात, त्यामुळे ट्रॅक्टर संध्याकाळी झुंडीनेच निघतात. मुकादमाला रात्री तोडा असे कोणताही एजंट सांगू शकत नाही.

यंत्रमानव वापरणाऱ्या गोदामांचे दाखले विक्रेते नेहमी देतात, तेव्हा त्याबद्दल एक वाक्य. 2003 मध्ये स्थापन झालेली किव्हा सिस्टीम्स ही कंपनी ॲमेझॉनने 2012 मध्ये 77.5 कोटी डॉलरला घेतली आणि तिचे शेकडो यंत्रमानव एका छताखाली एकमेकांना वाट देत कपाटे वाहतात हे खरे आहे. पण त्या जमिनीवर दुसरे कुणी चालत नाही, आणि आपल्याला सांगलीच्या गजबजलेल्या गणपती पेठेतून जायचे आहे. मुंग्यांच्या वागण्यावरून घेतलेल्या गणनेचाही असाच उल्लेख होतो. मार्को दोरिगो यांनी 1992 मध्ये मांडलेली ती रीत उत्तम आहे, मात्र त्या मुंग्या एकाच संगणकाच्या पोटात धावतात. गाड्यांना स्वतंत्र निर्णय देण्याशी तिचा संबंध नाही.

विक्रेत्याच्या प्रस्तावातला ‘एआय एजंट’ हा शब्द हल्ली भाषा समजणाऱ्या प्रणालींसाठी वापरला जातो, आणि गाडीसाठी बोली लावणारा प्रोग्राम व भाषेची प्रणाली या दोन अर्थांची सरमिसळ आपल्याला महाग पडू शकते. ‘भाऊ, कालचंच पाठवा, पण खोकल्याचं दोन पेट्या जास्त’ असा व्हॉट्सॲपवर आलेला संदेश वाचून त्यातून मागणीची नोंद तयार करणे, संदिग्ध असेल तर दुकानदाराला उलट विचारणे, ड्रायव्हरला बदल मराठीत समजावणे, ही कामे भाषेच्या प्रणालीला द्यावीत. कोणत्या गाडीला कोणते काम द्यायचे हा हिशेब तिला देऊ नये. ती 82 आणि 270 यांतला लहान आकडा ओळखेल, पण शीतपेटीची अट दहा वेळा पाळून अकराव्या वेळी विसरणार नाही याची हमी देता येत नाही, आणि औषधांत ती हमी लागते.

नकाशाबद्दलही सावध राहावे. ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांना खुल्या नकाशाची माहिती आणि तिच्यावर चालणारे ओएसआरएम हे साधन अंतरे काढायला विनामूल्य मिळते. 60 दुकाने आणि गोदाम धरले तर 61 गुणिले 61 असा तक्ता एकदाच तयार करून ठेवता येतो. त्यातल्या वेळा मात्र पाणंद रस्त्यांवर, रेल्वे फाटकांपाशी आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे खोट्या ठरतात. आपल्या गाड्यांच्या जीपीएसमधून दोन महिन्यांच्या खऱ्या वेळा काढून तक्ता दुरुस्त करा. पावसाळ्याचा तक्ता वेगळा ठेवा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 40 फुटांवर गेली की इशारा आणि 45 फुटांवर धोका हे सांगलीत सर्वांना पाठ आहे, पण किती फुटांना कोणत्या दुकानाचा रस्ता बंद होतो ही यादी आपल्या व्यवस्थापकांच्या डोक्यातच असणार. ऑगस्ट 2019 च्या महापुराने हे शिकवले की अशा दिवसांत रस्त्याबरोबर फोनचेही खरे नसते. म्हणून संपर्क तुटल्यावर गाडीने स्वतः काय करायचे याचे दोन-तीन नियम आधीच ठरलेले आणि ड्रायव्हरजवळ कागदावर लिहिलेले हवेत. एजंटाची स्वायत्तता म्हणतात ती खऱ्या अर्थाने तेवढ्याच वेळी लागते.

व्यवहारात मी असे करीन. विक्रेत्याला नकार देऊ नका, पण पहिले सहा आठवडे प्रणाली नुसती सावलीत चालू द्या. गाड्या व्यवस्थापक सांगतील तशाच जातील आणि प्रणाली तिचे उत्तर बाजूला लिहून ठेवील. दिवसअखेर दोन्हींचे किलोमीटर, उशीर झालेली दुकाने आणि परत आलेल्या पेट्या मांडून पाहा. जिथे दोन उत्तरे वेगळी निघाली, तिथे व्यवस्थापकांना कारण विचारून ते वहीत त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. त्यांच्या निवृत्तीपर्यंत हातात असलेले हे वर्ष त्यासाठीच आहे. काही कारणे निव्वळ सवयीची निघतील, ती सोडून द्या. उरलेली कारणे प्रणालीत अट म्हणून घालावी लागतील, आणि ती साधारण अशा स्वरूपाची असतात: या दुकानदाराकडे दुपारी जाऊ नका, दुकान उघडे असले तरी माल मोजून घेणारा माणूस जेवायला गेलेला असतो, त्या बोळात टेम्पो शिरतो पण वळत नाही, दुचाकीच पाठवा, दसऱ्याला संध्याकाळनंतर कवठे एकंदकडे गाडी काढू नका, शोभेच्या दारूसाठी लोटलेल्या गर्दीत ती मध्यरात्रीपर्यंत अडकते.